गुरुजींचा हिरवा पट्टा

विजयमालाला रंगांची भीती बसली होती. हसायचं काही कारण नाही. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर दुसऱ्याच दिवशी घर गाठलं असतं. तिच्या टेबलावर लाल, पिवळे आणि हिरवे असे तीन रंगांचे कागदी पट्टे असत. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीच्या दाराशी बसायचं, येणाऱ्या प्रत्येक माणसाला दोन मिनिटांत बघायचं आणि मनगटाला पट्टा बांधायचा. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता आत. पिवळा म्हणजे थोडं थांबला तरी चालेल. हिरवा म्हणजे बाकावर बसा, नंबर आला की बोलावू. डॉक्टर नंतर, आधी हिचा पट्टा. रंग चुकला तर माणूस बाकावर बसल्या बसल्या जायचा.

बाई तशी नवखी नव्हती. करकंबची लेक, नर्सिंगची डिग्री घेतलेली, नवरा आदिनाथ रेल्वेत आणि बिऱ्हाड होटगीला. चौदा वर्षं तिनं डोळ्यांच्या वॉर्डात काढली होती. तिथं सगळं निवांत. थेंब घाला, पट्टी बदला, आजोबांना हाताला धरून न्या. मग एक दिवस रांगेतला एक माणूस तिच्यासमोर धाडकन पडला, आणि ही हातात थेंबांची बाटली धरून उभी ती उभीच. डॉक्टर धावत येईस्तोवर तिला पाऊल उचलता आलं नाही. तो माणूस वाचला, पण हिचं जेवण सुटलं. चौदा वर्षं नर्स म्हणवून घेतलं अन् वेळ आली तेव्हा मला कायबी करता आलं न्हाय, असं ती नवऱ्यापाशी रडून सांगायची. शेवटी अडतिसाव्या वर्षी ती या दवाखान्यात इमर्जन्सीच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर कोर्सला बसली; शिकता शिकताच दारावरची ड्यूटी. बरोबरच्या पोरी पंचविशीच्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या. ही मागच्या बाकावर, जीव मुठीत धरून.

शिकवायला वैजयंती मॅडम होत्या. बाई कडक, पण शिकवणं असं की विसरीन म्हटलं तरी विसरता यायचं नाही. चाळिशीच्या पुढचा माणूस हनुवटीपासून बेंबीपर्यंत कुठंही दुखतंय म्हणाला, की आधी ईसीजी काढायचा आणि मग रंग ठरवायचा, हा त्यांचा पहिला नियम. पेशंटचं सगळं ऐका, पण त्याच्या सांगण्यावर रंग ठरवू नका, असं त्या पुन्हा पुन्हा बजावायच्या. विजयमालानं ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. भाकऱ्या थापताना ती तेच पुटपुटायची. तरी रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर ती वही एकदा उघडून बघायचीच.

मे महिन्यातला सोमवार होता. सकाळचे दहा वाजले होते आणि तेवढ्यातच बाहेरचा रस्ता तापला होता. दारातून गंगाधर गुरुजी आत आले, मागून त्यांच्या पत्नी मालतीकाकू.

गुरुजी म्हणजे विजयमालाचे प्राथमिक शाळेचे मास्तर. चौथीनंतर बापानं हिला शेळ्यांमागं धाडायचं ठरवलं, तेव्हा हा माणूस तीन दिवस बापाच्या ओट्यावर येऊन बसला होता. आता रिटायर होऊन सोलापुरात राहायचे. शिस्तीचा माणूस. शाळेत पाण्याच्या टाकीवर सरपंचाचं पोरगं मध्ये घुसलं, तर कान धरून रांगेच्या शेवटी उभं करायचे. खडूचा तुकडा खाली पडला तरी वाकून उचलायचे. अशा माणसाला बघून विजयमाला खुर्चीतून उठलीच, आणि पाया पडायला वाकलीसुद्धा.

त्यांनी तिला तिथंच थांबवलं. विशेष काही नाही म्हणाले, काल ठेचा जास्त झाला, छातीत जरा जळजळतंय, पित्त आहे. हिला घाई म्हणून आलो. "हिला" म्हणजे मालतीकाकूंना. काकू काहीतरी बोलायला गेल्या. गुरुजींनी नुसतं वळून बघितलं, आणि काकूंनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं.

विजयमालानं नाडी बघितली, बीपी बघितलं. दोन्ही बरं होतं. कपाळावर घाम होता, पण मे महिन्यात सोलापुरात घाम न आलेला माणूस दाखवा की. तरी नियम तिच्या डोक्यात ठणठणत होता. ईसीजी काढू या गुरुजी, दोन मिनिटांचं काम हाय, असं ती म्हणाली. तपासायचा पलंग एकच मोकळा होता, आणि बाकावर एक पोरगी पोट धरून कण्हत होती.

"आधी तिला घे," गुरुजी म्हणाले. "ओळखीचा म्हणून मला पुढं काढलंस, तर मी तुला काय शिकवलं?"

झालं. चौथीतली विजू तिथंच उभी राहिली, आणि अडतीस वर्षांची नर्स कुठं गेली कोण जाणे. खरं सांगायचं तर तिला बरंसुद्धा वाटलं. गुरुजींसमोर आपण रांग मोडली नाही, याचं. मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आपल्याकडं हाडात मुरलेलं असतं, आणि ते कुठं येऊन गाठेल त्याचा नेम नाही. तिनं हिरवा पट्टा काढला, त्यावर वेळ घातली, दहा वाजून चार मिनिटं, आणि आपल्या हातानं त्यांच्या मनगटाला बांधला.

मग एकापाठोपाठ एक येतच राहिले. मोटरसायकलवरून पडलेले दोघं आले, दम लागलेली एक म्हातारी आली. विजयमालाचे हात चालत होते, पण नजर सारखी बाकाकडं जात होती. ईसीजी काढला न्हाय. नियम मोडला. उठून जावं, तर गुरुजी काय म्हणतील? नाही जावं, तर? हातमोजा निघता निघेना. गुरुजी आपले ताठ बसलेले, हातात घडी केलेला रुमाल. बघ, बरे हायेत की, असं ती स्वतःला सांगायची आणि पुढच्या पेशंटकडं वळायची.

एकदा तिनं वर बघितलं, तर रुमाल त्यांच्या पायाशी पडला होता. गुरुजी त्याच्याकडं बघत होते आणि उचलत नव्हते.

ती धावत गेली. त्यांचा हात थंडगार, ओठ राखेसारखे. त्या अवस्थेतही ते हळूच म्हणाले, अगं, माझ्या आधी दोघं आहेत.

"गुरुजी, आता गप बसायचं," ती म्हणाली. "एक शब्द बोलायचा न्हाय."

आणि मग तिनं असा आवाज दिला की सगळा हॉल गपगार झाला. लाल, म्हणाली, स्ट्रेचर आणा. मनगटावरचा हिरवा पट्टा तिनं ओढून तोडला. घड्याळात दहा बावीस झाले होते. आत नेलं, तारा लावल्या, आणि मशीनमधून निघालेला कागद बघून वैजयंती मॅडमचा चेहराच बदलला. मोठा ॲटॅक होता. डॉक्टर सुई लावायला वाकले, तेवढ्यात गुरुजींचे डोळे फिरले आणि पडद्यावरची रेघ थरथरायला लागली.

मॅडमनी तिच्याकडं नुसतं बघितलं. विजयमाला पलंगाशेजारच्या पायरीवर चढली. ज्या माणसाच्या पायाला हात लावायचा, त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ती जोर देऊ लागली. एक, दोन, तीन. बरगडी कडकन मोडली ते तिला हाताला कळलं. ती थांबली नाही. मेली मी, मेली मी, असं मनात चाललेलं आणि तोंडानं आकडे मोजणं चाललेलं. शॉक दिला. पुन्हा दाबलं. पुन्हा शॉक दिला. तेव्हा कुठं रेघ ठिकाणावर आली. गुरुजींना तसंच अँजिओग्राफीला पळवलं.

दुपारी दोनच्या सुमाराला हृदयाचे डॉक्टर बाहेर आले. वाचलेत, म्हणाले, पण हृदयाची ताकद निम्म्याच्या खाली गेलीय. इथून पुढं जिना चढायचा नाही, फार चालायचं नाही. थोडं आधी हाती लागले असते तर बरं झालं असतं. हे ऐकताना विजयमाला भिंतीला टेकून उभी होती.

मालतीकाकू तिच्याकडं आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर हसू. तू होतीस म्हणून वाचले गं, म्हणाल्या. आज तुझी ड्यूटी आहे का, ते दवाखान्यात फोन करून विचारलं आणि मगच यांना घेऊन निघाले. माझं तर ऐकतच नव्हते. म्हटलं, विजू नर्स आहे, तिनं सांगितलं तर तिचं ऐकतील.

गप बसली असती तर काकूंना कधी कळलंही नसतं. पट्ट्यावरची वेळ डॉक्टर बघतील, मॅडम बघतील, काकू थोड्याच बघणार होत्या. तिला मनापासून गप बसावंसं वाटलं. आपले हात काकूंच्या हातातून काढून घ्यावेत आणि होटगीची गाडी धरावी, असंही वाटलं.

"काकू," ती म्हणाली, "त्यांनी माझं न्हाय ऐकलं. मीच त्यांचं ऐकलं. ईसीजी काढायचा होता, त्यांनी नको म्हटलं, मी न्हाय काढला. अठरा मिनिटं मी त्यांना बाकावर बसवून ठेवलं."

काकूंच्या तोंडावरचं हसू मावळलं. आता हात सोडतील, आता तोंडात मारतील, म्हणून विजयमालानं डोळे मिटून घेतले. काकूंनी हात सोडले नाहीत.

"शुक्रवारपासून दुखत होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगायचं नाही म्हणाले. मी तीन दिवस ऐकलं गं."