पर्शियन मांजरीची वेणीफणी

ती आमच्याकडे पाहुणी म्हणून आली. सुरतेला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या घरमालकाला मांजर चालत नव्हती, म्हणून दुसरं घर मिळेपर्यंत त्याने ती नंदुरबारला माझ्याकडे आणून ठेवली. घर त्याला लवकरच मिळालं. मांजर मात्र इथेच राहिली, कारण तोवर ती माझ्या आईची झाली होती.

मला मांजरांचं वेड नाही. कॉलेजात शिकवून आल्यावर घरात शांतता लागते आणि डाळीत केस चालत नाहीत. तरी घरात आलेल्याची जातकुळी माहीत असावी म्हणून मी मोबाइलवर वाचून काढलं. इराणच्या थंड, डोंगराळ मुलखातून लांब केसांची मांजरं व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेली असं म्हणतात; नक्की कोणालाच ठाऊक नाही. तिकडच्या हौशी लोकांनी मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांचं तोंड गोल केलं, कान आखूड केले आणि नाक पार बसवून टाकलं. आमची धुरकट रंगाची होती. डोळे तांबूस, मानेभोवती झालर, शेपटीचा झुबका आणि चेहरा असा की आत्ताच कोणीतरी पाणउतारा केला आहे. वरचे केस लांब आणि त्याखाली पुन्हा कापसासारखी दाट लव. आईला हे सगळं वाचून दाखवलं, तर लांब सासरी दिलेल्या लेकीबद्दल बोलावं तशी ती एवढंच म्हणाली, "भलतं दूर दिधं व हिले."

आईला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, उजेड-अंधार तेवढा कळतो. रनाळ्याला शेतावर असताना ती एक क्षण बसलेली मी पाहिली नव्हती. माझ्याकडे आल्यापासून मात्र तिच्या हातचं एकेक काम सुटत गेलं. तांदूळ निवडणं गेलं, भाकरी गेली, शेवटी वाती वळणंही गेलं. दुपारभर ती खाटेवर बसून पदराचं टोक चुरत राहायची. ते बघवत नसे म्हणून मी कॉलेजात जास्त वेळ थांबायला लागले.

मांजर आली आणि आईला काम मिळालं. जेवण झालं की ती फणी घेऊन बसायची आणि हाक मारायची, "ये व बाई." बाई यायची. आई बोटांनीच गुंता शोधायची, त्यावर चिमूटभर पावडर टाकून सावकाश सोडवायची. आधी पोट, मग पाठ, शेवटी शेपूट. आम्हा बहिणींचे केसही तिने असेच विंचरले होते, फक्त आम्हाला मध्ये धपाटे मिळायचे.

निघालेले केस ती टाकत नसे. गोळा करून पिशवीत भरायची आणि पिशवी खिळ्याला लावायची, जशी आमच्या लहानपणी लावायची, केस घेऊन भांडी देणाऱ्यासाठी. एकदा तो गल्लीत आला तर तिने पिशवी खरोखर त्याच्यापुढे केली.

"माय, हाई माणूसना केस नहीत," तो म्हणाला.

"मंग काय व्हयनं? रेशमना मायक शेत, हात लाई देख."

त्या रेशमासारख्या केसांवरून घासाघीस इतकी रंगली की त्याने शेवटी चहाची एक गाळणी दिली आणि पिशवी परत केली. आमचा चहा अजून तिच्यातूनच गाळला जातो.

मे महिन्यात आई एका लग्नासाठी रनाळ्याला गेली. मी त्याच दिवशी मांजरीला टोपलीत घालून प्राण्यांचे केस कापणाऱ्याकडे नेलं. कारण विचाराल तर ऊन. तो तसं विचारतही नव्हता, मीच दोनदा सांगितलं. खरं कारण माझ्या काळ्या ड्रेसला चिकटलेले केस आणि डब्यातल्या भाजीत सापडलेला एक लांब केस. विंचरलेले केस उन्हातही अंगाला आडोसा देतात, हे मी त्याच मोबाइलवर वाचलेलं होतं.

डोकं आणि शेपटीचं टोक सोडून तिला सफाचट केलं. अंगावर गुलाबी कातडी आणि वर ते भलंमोठं रागावलेलं तोंड. मला हसू आलं. घरी आल्यावर ती कपाटाखाली जाऊन बसली, तेव्हा ते गेलं.

आई परत आली, पाय धुतले, खाटेवर बसली आणि फणी मागितली. मी सांगायला हवं होतं. मी फणी दिली.

"ये व बाई."

बऱ्याच वेळाने ती आली. आईने मानेवर हात ठेवला, तिथून पाठीवर नेला आणि तो तिथेच थांबला. मग दुसरा हातही ठेवला. कुठे लागलंय का, हे ती चाचपत होती.

"तिले गरमी व्हई ऱ्हायंती, माय," मी म्हणाले.

"केस कोठे शेत?"

"तठेच ऱ्हायनात."

ती रागावली असती तर मी भांडले असते, ऊन, आरोग्य, सगळं काढलं असतं. तिने फणी उशीखाली ठेवली आणि पदराचं टोक हातात घेतलं. पुढच्या दुपारीही तेच. त्याच्या पुढच्याही. केस यायला पावसाळा सरेल असं त्या माणसाने सांगितलं होतं. एका रविवारी मला ते सोसेना. मी खाटेशी जमिनीवर, तिच्या गुडघ्यांना पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "माय, मन्हा विंचर."

तिने हात माझ्या डोक्यावर ठेवला, मानेपर्यंत आणला आणि तसाच पाठीवर खाली नेला. पाठीवर काही नव्हतं. वेणी मी कधीच कापली होती. तिला दिसत नाही, मग सांगायचं कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"कव्हय कापात?"

"दिवाईले."

"मले कोनी सांगं नही."

उशीखालून तिने फणी काढली आणि होते तेवढे केस विंचरले. ते लवकर संपले. मग तिने पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.