यादीतलं अनोळखी नाव

वनहक्काचे दावे तयार करून देणाऱ्या गोंदियातल्या एका संस्थेत मी कामाला होते, तेव्हा माझ्या अंगात फार मोठी साहेबीण शिरली होती. वय पन्नाशीला टेकलेलं, अक्कल शेंगदाण्याएवढी. नवेगाव बांधकडच्या बत्तीस कुटुंबांचे नकाशे आणि म्हाताऱ्यांच्या आवाजातल्या साक्षी सर्व्हरवरच्या एका सामाईक फोल्डरमध्ये होत्या, आणि त्याचा ताबा माझ्याकडे. बस्स! कोणाकोणाला आत यायची परवानगी आहे, ती यादी मी दिवसातून तीनदा उघडून बघायची.

एका गुरुवारी तिथे एक अर्धवट नाव दिसलं. 'बीकेपी' अन् पुढे काहीतरी. आमच्या ऑफिसात असा माणूस नव्हता. विचारायचं कोणाला? मालकीण मीच! दिलं हाकलून.

शनिवारी सर्व्हर चालूच होईना. दुरुस्तीवाल्यानं डिस्कला कान लावला आणि म्हणाला, "गई मॅडम. कुछ नहीं निकलेगा."

सोमवारी सुनावणी होती. साक्ष देणाऱ्यांपैकी दोघं तर तोवर वारलेही होते. त्यांना पुन्हा कुठून बोलावणार?

आमची सिस्टिम ऑपरेटर फुलचूरहून सायकलीनं यायची. शेतकऱ्याची लेक, बोलणं मोजकं. रात्री बॅकअपचं सॉफ्टवेअर सगळे फोल्डर टेपवर उतरवायचं आणि ही सकाळी आल्याआल्या, पाणीही न पिता, त्याचा रिपोर्ट वाचायची. झाली ना कॉपी, मग वाचते काय, म्हणून मीच सगळ्यांत जोरात हसायची.

"घाबरू नोका काकू," ती म्हणाली, "टेपवर हाये सारं. काल सकाळी रिपोर्टात तुमच्या फोल्डरपुढं लाल फुली होती. सॉफ्टवेअर ज्या नावानं आत जाते, ते नावच कोणीतरी यादीतून काढून टाकलं होतं."

गुरुवारचं ते 'बीकेपी' मला आठवलं. "मग?"

"मंग काय, टाकलं परत. अन् रातची वाट नाई पायली, दुपारीच बॅकअप चालवला."

"कोणी काढलं असेल गं?" बघा माझी हिंमत.

"तुमीच. दुसरं कोण हात लावते त्या यादीले?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगाले आली होती. तुमी म्हणाल्या, मी कामात आहो, नंतर ये."

रविवारी तिनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर टेपवरून सगळं उतरवलं. फायलींची नावं दिसताच मी टाळ्या वाजवल्या. तिनं वर पाहिलंही नाही. "नाव दिसलं म्हंजे फाइल आली असं नसते. उघडून पाहा लागते." मग आम्ही एकेक उघडत बसलो. वारलेल्या एका आजोबांचा आवाज खोलीत आला. बापानं धानाची बांधी कुठं पाडली, मोहाचं कोणतं झाड कोणाचं, ते ठासून सांगत होते, मागे कोंबडी ओरडत होती. माझे डोळे भरले. तिनं कागदावर बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "पुढची लावा."

सोमवारी सगळे दावे वेळेत पोचले. संस्थेचे साहेब चार लोकांसमोर माझी तारीफ करायला लागले. क्षणभर, खोटं का बोलू, ऐकून घ्यावीशी वाटली. मग मी सांगून टाकलं, नाव काढणारी मी आणि वाचवणारी ती. सगळे तिच्याकडे वळले.

ती मशीनपाशी उभी होती. "काकू, जरा सरका," ती म्हणाली, "आजची टेप टाकाची हाये."