मार कुणाच्या नावावर?

लग्न होऊन अकलूजला आले आणि सासरी सगळ्यांना एकच कोडं पडलं. ही इतकी गप्प, मग सोलापुरात वकिली करायची कशी? नवऱ्यानं तर सरळ विचारलं, "कोर्टात तू बोलायचीस तरी काय?"

"बोलायला सर होते," मी म्हटलं. "मी ज्युनिअर. ऐकायला होते."

ऐकणाऱ्याकडे किस्से न मागता साठतात. स्वयंपाकघरातल्या पिशव्यांसारखे. एक ओढावी, तर दहा बाहेर!

आमचे सर कामगारांचे वकील. कामावर कुणी मार खाल्ला की भरपाईसाठी आमच्याकडे यायचा. सरांची पद्धत अशी, की केस घेण्याआधी घडलेला प्रसंग ऑफिसात करून बघायचा! "कागदावरचा मार खरा वाटत नाही," म्हणायचे. मारणारा कायम आमचा क्लार्क बसण्णा. मार खाणारे सर. मालक मी.

"मला काही डायलॉग नाही का, सर?"

"मालक काय बोलतोय? तो बघत बसतो!"

*

एकदा मॉलच्या वॉचमनची केस होती. बसण्णाच्या अंगात आलं. त्यानं असा धक्का दिला की सर खुर्चीसकट खाली आणि चष्मा टेबलाखाली! मी भूमिकेला जागून बघत बसले.

"चुकलं वो सायेब! लागलं काय?"

सर फरशीवरूनच म्हणाले, "लागलं. कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, कामापायीच लागलं. केस पक्की! भरपाई मालकानं द्यायची." मग टेबलाखाली चष्मा चाचपडत म्हणाले, "आयला, मालक मीच की!"

*

टॉवेल कारखान्यातला एक कामगार आला. गालावर पाचही बोटं. दिवाळीला बायकोला माहेरी पाठवलं नाही म्हणून तिचा भाऊ थेट कारखान्यात आला आणि मागाशेजारीच कानाखाली वाजवून गेला.

"कामाच्या जागी मारलं की, सायेब! मालकानं भरपाई द्याला पायजे का न्हाय?"

सर म्हणाले, "बाबा रे, जागा मालकाची हाय. पण मेव्हणा तुझा हाय!"

कॉलेजात न समजलेला कायदा मला त्या दिवशी समजला. मारणारा कामापायी मारतोय की घरच्या भांडणापायी, सगळं त्यावर.

*

मग मेहरून आपा आल्या. एका खाजगी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर होत्या. वेळ संपल्यावर पेशंटला भेटू दिलं नाही म्हणून एका नातेवाइकानं त्यांचा हात असा पिरगाळला की मनगटच मोडलं. तेव्हा काउंटरवर त्यांचा डबा उघडा होता. हॉस्पिटलनं तेवढंच धरलं. जेवणाची सुट्टी होती, भांडण खाजगी, आमचा संबंध नाही!

मनगट पुन्हा वळेना. कीबोर्ड नाही, भाकरी थापणं नाही. नोकरी गेली. दुसरं ऑपरेशन बाकी होतं आणि हॉस्पिटलवर जबाबदारी आली तरच ते होणार होतं.

"बेटी, उस आदमी का नाम भी नै मालूम मेरेकु," त्या म्हणायच्या. "खाजगी भांडण कैसा हुआ?"

"नाव न विचारता हात मोडला म्हंजे सरकारीच की, आपा!" बसण्णा म्हणाला. आपा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

*

तारीख असली की आपा आमच्यासाठीही शेंगाचटणी आणायच्या. कोर्टाच्या पायरीवर डबा माझ्यापुढं करायच्या, कारण झाकण त्यांना उघडायचं नाही. "ज्युनिअर वकील का काम!" म्हणायच्या. आयुष्यात मी इतकं महत्त्वाचं काम दुसरं केलं नसेल.

*

शेवटी हॉस्पिटलचे मॅनेजर साक्षीला उभे राहिले. इस्त्रीचा सफारी, चेहऱ्यावर सौजन्य. सरांनी ड्युटीचा विषयच काढला नाही. म्हणाले, "कर्मचाऱ्यांची तुम्ही फार काळजी घेता म्हणे?"

"अहो, घेतोच!" मॅनेजर खुलले. "बाईंचा हात प्लास्टरमध्ये असतानाच आम्ही सत्कार केला त्यांचा. शाल, नारळ, सगळ्या स्टाफसमोर! मीच भाषण केलं."

"वा! कशाबद्दल सत्कार?"

"म्हणजे काय? ड्युटीवर असताना मार खाल्ला, पण काउंटर सोडलं नाही म्हणून!"

त्यांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. जजसाहेब टायपिस्टकडे वळून म्हणाले, "हे जसंच्या तसं घ्या."

मागच्या बाकावरून आपांनी माझी ओढणी हळूच ओढली.

"बेटी, अब शाल वापस मांगते क्या ये लोग?"