साने सरांनी मला नापास केलं त्याची गोष्ट

मला नापास करणारा माणूस आज सकाळी गेला.

कॅप्टन साने. वय अठ्ठ्याऐंशी.
आणि मी पंचाहत्तरीचा म्हातारा सकाळपासून रडतोय कमी नि हसतोय जास्त.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कलकत्त्यात मी नवा को-पायलट. ऑटोपायलटची चेक फ्लाइट होती. पास झालो तर प्रवासी घेऊन उडायचं, नाहीतर ऑफिसात बसून कागद खरडायचे.

सकाळी दमदम विमानतळावरून बागडोग्र्याकडे निघालो. म्हणजे सरळ उत्तरेला. विमान रिकामं, परीक्षक साने सर आणि मी, दोघंच.

वर गेल्यावर मी ऐटीत ऑटोपायलट लावला आणि सरांनाच त्याची थिअरी ऐकवायला लागलो. पाठ होती ना!

सर शांतपणे मोसंबं सोलत होते.

"राजा, ऊन मघाशी तुझ्या बाजूनं येत होतं ना रे?"
"हो सर."
"मग आता माझ्या डोळ्यांत कसं जातंय?"

अरे देवा!

आदल्या दिवशी परतताना कोणीतरी दक्षिण दिशा लावली होती, ती तशीच राहिलेली. ऑटोपायलट चालू करण्याआधी ती बदलायची, हा पहिला धडा. मी विसरलो. विमान बिचारं आज्ञाधारक, गुपचूप वळून परत कलकत्त्याला निघालं होतं.

"पण सर, मशीननं..."
"मशीनला नावं ठेवू नकोस. त्याला सांगितलं तिकडे ते निघालं. तू कुठे होतास?"

उतरल्या उतरल्या सरांनी फॉर्मवर लिहिलं, फेल. आता एकच चान्स उरला. माझं तोंड एवढंसं झालं.

"उद्यापासून संध्याकाळी घरी यायचं," सर म्हणाले.

बालीगंजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर खडूनं डायल काढलेले. बोट ठेवायचं, मोठ्यांदा बोलायचं, मगच बटण. विसरलो की सानेवहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "दिशा बघितलीस का?" त्यांनाही सगळं पाठ झालेलं!

दुसऱ्या वेळी पास झालो. काय नाचलोय त्या दिवशी!

आठवड्यानं पहिली प्रवासी फ्लाइट, नागपूरची. बघतो तर प्रवाशांत सानेवहिनी! माहेरी निघालेल्या.

आज फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी मी जाम घाबरले होते रे. ह्यांना म्हटलं, दुसऱ्या विमानानं जाते. तर म्हणाले, ह्याच विमानानं जा. पोरगं एकदा चुकलंय, आता आयुष्यभर बघूनच बटण दाबेल."

पन्नास वर्षांनी कळलं मला हे.

सर, तेहेतीस वर्षं विमानं उडवली. एकदाही न बघता बटण दाबलं नाही.

तुमच्या नापास विद्यार्थ्याचा साष्टांग नमस्कार.