पडद्याकडे पाठ

भोंगेमास्तर पडद्याकडे पाठ करून सिनेमा सांगत. टुरिंग टॉकीजच्या तंबूत पडद्याशेजारी एक लाकडी खोके असे. त्यावर मास्तर उभे, हातात माइक, तोंड प्रेक्षकांकडे. मागे हाँगकाँगचे लढवय्ये हवेत उडत, कौले फोडत, पण मास्तर मान वळवत नसत. नवा सिनेमा आला की ते तो एकदा नीट पाहून घेत. नंतर मागून येणारे आवाज आणि समोरचे चेहरे यांवरून पडद्यावर काय चालले आहे ते त्यांना कळे. मी एकदा कारण विचारले. "पिक्चर कुटं पळून जातोय, साहेब? मान्सं जात्यात," ते म्हणाले.

ते मास्तर कधीच नव्हते. केडगावच्या बाजारात ते दंतमंजन विकायचे. टॉकीजच्या शेठने तिथे त्यांचा आवाज ऐकला आणि त्यांना तंबूत आणले. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मारामारीचे परदेशी सिनेमे जिल्ह्यात येऊ लागले होते. त्यांच्या झिजलेल्या प्रतींतली माणसे चिनी होती आणि बोलत इंग्रजी. तोंड मिटले तरी शब्द चालूच राहत. लोक त्या सगळ्यांना 'कराटेचा पिक्चर' म्हणत. तंबूत इंग्रजी कोणालाच येत नसे, मास्तरांनाही नाही. त्यामुळे गोष्ट मास्तर सांगतील ती.

सिनेमातल्या कोणत्याही अचाट गोष्टीला त्यांच्याकडे खुलासा होता. ठोसा लागण्याआधीच त्याचा आवाज का येतो? "त्यो आधी वर्दी देतो, मग मारतो." नायकाला घेरलेले चाळीस जण एकदम का तुटून पडत नाहीत, एकेक करून मार खायला का येतात? "रेशनची सवय हाय. लायनीत उभं ऱ्हायल्याबिगर काय मिळत न्हाई." माणूस जमिनीवरून थेट माडीवर उडी घेतो, यावर कोणी हरकत घेतली की मास्तर म्हणत, "तुझ्यामागं बैल लागल्यावर तू बाभळीवर कसा गेल्तास?" आणि बहुधा असा कोणीतरी तंबूत असेच.

त्यांची एक ठरलेली युक्ती होती. मुक्काम पडला की ते चहाच्या टपरीवर शेजारचे गाव कोणते, एवढेच विचारत. सिनेमातला दुष्ट त्या गावचा करून टाकत. पांढऱ्या भुवया, लांबलचक हसणे आणि डोळ्यांवर धावून येणारा कॅमेरा. "वळखलं का ह्याला?" असे म्हणून त्यांनी गावाचे नाव घेतले की तंबू डोक्यावर घेतला जाई. हे कधी चुकले नव्हते. चुकले ते एकदाच, आणि मी तिथे होतो.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. पुणतांब्याचा मुक्काम हलवून तंबू गोदावरीकाठच्या एका गावच्या जत्रेला आला होता. समोरच्या काठावर दुसरे गाव. दोन्ही गावांचे लोक एकमेकांना 'अलीकडचे' आणि 'पलीकडचे' म्हणत. गावांची नावे मी इथे देत नाही. त्याचे कारण पुढे येईल. मी नगरच्या एका दैनिकात नवा बातमीदार होतो आणि जत्रेतल्या कुस्त्यांची बातमी द्यायला आलो होतो.

शेवटची कुस्ती अलीकडच्या आणि पलीकडच्या पैलवानांत झाली. पंचांनी पलीकडचा चीत दिला. पाठ टेकलीच नाही, असे पलीकडच्यांचे म्हणणे. दोन फेटे उडाले, एकाचे डोके फुटले. हवालदाराने दोन्ही बाजू पांगवल्या. पण जत्रेतून घरी कोणीच गेले नाही. दिवेलागणीला सगळे तंबूत आले. अलीकडचे मधल्या खांबाच्या डावीकडे बसले, पलीकडचे उजवीकडे. पलीकडच्यांच्या पुढच्या दोन रांगांत काठ्या आडव्या मांडीवर होत्या. बायका आणि लेकरे दोरीच्या पुढे, पडद्याला लागून. बाहेर पडायला वाट एकच.

मास्तरांना यातले काही माहीत नव्हते. आवाज राखायला ते दुपारभर तंबूमागच्या ट्रकमध्ये झोपत. उठले, तोंड धुतले, खोक्यावर चढले. दिवे गेले. पहिल्याच रिळात पांढऱ्या भुवया आल्या.

"वळखलं का ह्याला? पलीकडचा वस्ताद!"

डावीकडून हशा उठला, नेहमीपेक्षा जास्त, आणि थांबेना. उजवीकडे एकही दात दिसला नाही. मास्तरांचे तोंड प्रेक्षकांकडेच होते. पडद्याच्या उजेडात त्यांनी काठ्या पाहिल्या. माझी खुर्ची त्यांच्या खोक्याजवळ होती. त्यांनी माइकवर तळवा ठेवून विचारले, "साहेब, आज काय झालंय?"

मी दोन वाक्यांत सांगितले. शेठ मागून वाकत आला. "मास्तर, खेळ बंद करा. मी पैसे परत देतो."

"बंद केला की समदे उभं ऱ्हातील, शेठ. चालू हाय तवर बसल्यात."

मशीन एकच होते. रीळ बदलताना दिवे लागत. पहिले रीळ संपले आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना नीट पाहिले. डावीकडून एक जण ओरडला, "ओ पावनं, तुमच्या वस्तादाला सांगा, पाठ सांभाळ!" उजवीकडे एक काठी मांडीवरून उभी राहिली. दोरीपलीकडे एका बाईने लेकराला उचलून कडेवर घेतले. मास्तर दिव्यांच्या उजेडातही बोलत राहिले. आपल्या दंतमंजनाच्या दिवसांतले काहीतरी. कोणी ऐकत नव्हते. दुसरे रीळ लागले.

त्या रिळात दुष्टाने बाहीतून सुरी काढली आणि नायकाच्या म्हाताऱ्या गुरूच्या पाठीत खुपसली. लाल रंग उडाला. "बघा पलीकडच्यांची रीत!" डावीकडून आवाज आला. उजवीकडचे चार-पाच जण उठले.

"बसा!" मास्तर ओरडले. भोंगा किंचाळला. "मंडळी, माझी चूक झाली. मी मान्सं वळखन्यात चुकलो. ह्यो पांढऱ्या भुवयाचा पलीकडचा न्हाई. ह्यो जो सुरी खाऊन पडलाय ना, त्यो म्हातारा पलीकडचा वस्ताद. ह्या भामट्यानं त्याचं सोंग घेतलं हुतं."

"मग भामटा कुठला?" उजवीकडून प्रश्न आला. विचारणारा अजून उभा होता.

अलीकडचा म्हटले असते तर डावी बाजू उठली असती. पंचक्रोशीतल्या कुठल्याही गावचे नाव घेतले असते, तरी त्या गावचे दहा-वीस जण तंबूत होतेच. मास्तरांनी माइक तोंडाशी ओढला.

"माझ्या गावचा," ते म्हणाले. त्यांनी आपल्या गावाचे नाव घेतले. "माझा सख्खा चुलता. लहानपनापासून बघतोय, लई नालायक."

उजवीकडे कोणीतरी हसले. विचारणारा खाली बसला.

पडद्यावर नायक मेलेल्या गुरूला मांडीवर घेऊन रडत होता. कॅमेरा त्याच्या तोंडावर धडकत होता, मागे जात होता, पुन्हा धडकत होता. एरवी इथे लोक हसत. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "पोरगा अलीकडचा हाय. वस्ताद पलीकडचा. शिकाया नदी वलांडून जायचा. आता कुनाकडं जाईल?" तंबूत मशीनच्या खडखडाटाखेरीज आवाज नव्हता. कुस्तीतला एक जुना पंच डावीकडे बसला होता, त्याने फेट्याच्या शेवाने नाक पुसले.

अजून शेवट बाकी होता आणि मास्तरांना तो माहीत होता. असल्या सिनेमात दुष्ट एका फटक्यात मरत नाही. नायकाच्या लाथेने भामटा भिंत फोडून उताणा पडला. डावीकडून कोणीतरी सवयीने ओरडले, "टेकली!" क्षणात उजवीकडून उत्तर आले, "न्हाई टेकली!" दुपारचे भांडण शब्दाला शब्द तंबूत आले होते. शेठ वाटेच्या तोंडाशी जाऊन कनातीचा पडदा वर धरून उभा राहिला.

"उजवीकडचं बराबर हाय," मास्तर म्हणाले. भामटा खरोखरच उठला. पुन्हा लाथ बसली, पुन्हा उताणा. "टेकली!" "न्हाई!" भामटा पुन्हा उठला, तोंडात रक्त, वर हसतोय. मास्तर आता दोन्ही बाजूंना विचारू लागले. "पंच तुमी. माझ्या चुलत्याला सोडायचं न्हाई. बोला, टेकली का?" चौथ्यांदा की पाचव्यांदा, मला आठवत नाही, भामटा पडला आणि उठला नाही. दोन्ही बाजूंनी एकच आरोळी आली. "टेकली!" ओरडून ओरडून सगळ्यांचे आवाज बसले होते.

दिवे लागले. "पलीकडची मंडळी आधी निघतील, त्यास्नी नदी उतरायची हाय," मास्तरांनी सांगितले. अलीकडचे बसून राहिले. काठ्या जशा आल्या तशा गेल्या. मास्तर खोक्यावरून उतरले आणि त्याच खोक्यावर बसले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

पुढचे मला वर्षभराने शेठकडून कळले. जत्रेत कोणाचे ना कोणाचे पाहुणे असतातच. मास्तरांचे बोलणे त्यांच्या गावी पोहोचले होते. गावची अब्रू भोंग्यावर मांडली, असे लोक म्हणाले. चुलत्याने बोलणे सोडले. बापाच्या माघारी मास्तरांना वाढवले ते याच चुलत्याने. तो वारला तेव्हा मास्तर गेले, तर भावकीने खांदा देऊ दिला नाही.

मी त्यांना भेटायला गेलो. ते तंबूमागे ट्रकमध्ये पडले होते. दुसऱ्या कुठल्या लांबच्या गावाचे नाव का घेतले नाही, असे मी विचारले.

"दुसऱ्याचं नाव घेतलं असतं तर त्यांनी काठ्या काढल्या असत्या," ते म्हणाले. "चुलता काठी काढनार न्हाई, नुसता रुसंल, एवडं मला ठावं हुतं. लई दिवस रुसला, एवडंच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी तर छापता, साहेब. माझा भोंगा तंबूपुरता. गावाचं नाव घेताना जपून."

पुढे मी बरीच वर्षे नगरला बातम्यांच्या टेबलावर बसलो. हाणामारीच्या बातमीत दोन गावांची नावे ठळक मथळ्यात आली की मी ती खाली मजकुरात ढकलत असे. जमले तर काढून टाकत असे. तरुण उपसंपादक कुरकुरत. "साहेब, वाचकाला गाव कळायला नको का?" गरज असेल तिथे मी ते छापलेही. पण त्याआधी, ते वाचून पुढच्या जत्रेत कोण कोणाशेजारी बसणार आहे, हे स्वतःला विचारून घेत असे.

भोंगेमास्तर गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांचे गाव कोणते ते मला माहीत आहे. त्या संध्याकाळी ते मी भोंग्यावर स्पष्ट ऐकले होते.