मेणाखालचा कंडेन्सर

रमणभाई रेडिओतला निकामी कंडेन्सर कधी फेकत नसत. त्याचे मेणाने बंद केलेले पुठ्ठ्याचे नळकांडे हलक्या आचेवर धरत, आतला वाळलेला गाभा ढकलून काढत, त्या जागी बोटाच्या पेराएवढा नवा कंडेन्सर बसवत आणि पुन्हा मेण ओतत. रेडिओची घरघर थांबे. उघडून पाहणाऱ्याला मात्र काहीच बदललेले दिसत नसे. "चेहरा त्याचा त्याला राहू दे, अनिलभाऊ. आपण पोटापुरतं बघायचं," तलासरीकडच्या गुजराती हेलात ते म्हणत.

डहाणूत आमची दुकाने समोरासमोर होती. मी सरळ नवा कंडेन्सर लावीत असे. आवाज तितकाच स्वच्छ येई. तरीही कासा-बोर्डीची माणसे रेडिओ उराशी धरून माझ्या दारावरून त्यांच्याकडे जात. एकदा माझे सासरेही गेले. "जावयाकडे तक्रार करता येत नाही हो," असे वर मलाच सांगून. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

बोर्डीच्या राऊत सरांचा रेडिओ रमणभाईंनी असाच दुरुस्त केला होता. पुढे त्याचे बटण तुटले, तेव्हा रमणभाईंचे दुकान बंद होते म्हणून सर माझ्याकडे आले. मी मागचा पुठ्ठा काढला. नळकांड्याच्या टोकाचे ताजे मेण मला स्पष्ट दिसले.

"सर, कंडेन्सर तर जुनाच दिसतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊनच रमणभाईंच्या दुकानात शिरले. "बदलला म्हणाला होतात ना?"

रमणभाईंनी माझ्याकडे पाहिले. "अनिलभाऊ, काय दिसलं तुम्हाला?"

"जुनाच दिसतो."

चाकूच्या एका रेघेने त्यांना मला खोटे पाडता आले असते. त्यांनी चाकू उचललाही. पण परत ठेवला.

"दिसतो खरा," एवढेच म्हणाले.

सर पुन्हा तिथे गेले नाहीत. हळूहळू बोर्डीची माणसेही माझ्याकडे वळली. मला हवे ते मिळाले, पण हेवा शमला नाही. आता मी त्यांच्या त्या गप्प राहण्याचा हेवा करू लागलो.

रमणभाई गेल्या वर्षी वारले. परवा सरांची लेक तोच रेडिओ घेऊन आली. घरघर परतली होती. मी नळकांडे आचेवर धरले, आतला कंडेन्सर बदलला, मेण ओतले. माझे मेण ओघळले. त्यांचे कधी ओघळत नसे.

"बदललात ना, काका? जुनाच दिसतोय."

मी चाकू घेतला आणि नळकांडे उभे चिरून तिच्यापुढे ठेवले.

"आत नवा आहे. रमणभाईंच्या वेळीही होता. मला ते ठाऊक होतं."

तिने तो चिरलेला पुठ्ठा उचलून आत पाहिले. "बाबांना काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस," मी म्हणालो आणि दुकानाचे शटर ओढले. "मीच येतो."