उसनी डिफेंडर

मी फुटबॉल खेळले ते केवळ बाई होते म्हणून. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी कार्ल्सरूहेला पीएचडी करत होते. विद्यापीठाच्या हौशी लीगचा नियम असा, की प्रत्येक टीमची एक तरी मुलगी मैदानावर सतत हवी. नसेल तर मॅच समोरच्याला बहाल. आमच्या मराठी पोरांना नागपूरची एक मुलगी मिळाली, तिला त्यांनी गोलमध्ये उभं केलं. ती आजारी पडली तर काय, म्हणून मग माझ्या दारात आले. "तुला काही येत नसलं तरी चालेल," म्हणाले. काय ती बोलवायची तऱ्हा!

कॅप्टन कोल्हापूरचा. डॉक्टरेट नावाला, जीव सगळा चेंडूत. त्याचे वडील, आबा, तरुणपणी पेठेच्या टीमकडून खेळलेले. दर रविवारी मॅचनंतर त्यांचा फोन यायचा. तब्येत, थंडी, प्रबंध, कशाची चौकशी नाही, थेट, "जिंकलासा का?" आणि आम्ही हरलेले असायचो. प्रबंध देऊन झाला होता, सीझन संपला की तो कायमचा घरी परतणार होता. त्याआधी एकदा, फक्त एकदा, आबांना "होय" म्हणायचं होतं त्याला.

आणि त्याच्या नशिबी कोण, तर आम्ही! पहिल्याच मॅचला माझा पाय एका जर्मन मुलाच्या नडगीला लागला. झालं! मी सवयीनं त्याच्या दंडाला हात लावला आणि तो छातीला टेकवला. तोवर तो चेंडू घेऊन पसार, आणि गोल.

"अगं ए बाई, नमस्कार कसला करायलीस!" कॅप्टन मैदानाच्या मधून ओरडला. असा राग आला मला! पण मॅच संपेपर्यंत आमच्या निम्म्या टीमनं तेच केलं होतं. घरी लहानपणापासून शिकवलेलं, ते काय बूट घातल्यावर जातं?

मग आमचा सराव वेगळाच सुरू झाला. कॅप्टन जोड्या लावायचा आणि एकमेकांच्या नडग्यांवर पाय मारायला लावायचा. ज्याचा हात छातीकडे जाईल त्यानं मैदानाला फेरी मारायची. नाशिकचा एक भाबडा गडी तर आख्खी संध्याकाळ पळतच होता. शेवटी कॅप्टन कंटाळून म्हणाला, "साठवून ठेवा रे. मॅच संपली की एकदम करा सगळ्यांना."

आम्ही खरंच तसं करायला लागलो. शिट्टी वाजली की समोरच्या टीममधल्या एकेकाला हात लावून नमस्कार. जर्मनांना वाटलं, ही भारतातली खेळाची रीतच असणार. मग तेही शिस्तीत रांग लावून छातीला हात लावू लागले. एकानं तर विचारून घेतलं, "आल्झो, म्हणजे उजवा हात की डावा?" हरणं मात्र आमचं नियमानं चालू होतं.

शेवटची मॅच रसायनशास्त्रवाल्यांशी होती. उत्तरार्धातही शून्य-शून्य. तेवढ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा घोटा मुरगळला आणि ती बाहेर जाऊन बसली. रेफरीनं खांदे उडवले. नियम म्हणजे नियम, मॅच आमची! पोरं नाचायला लागली. मीही नाचले, खोटं कशाला बोलू? कॅप्टन तेवढा कमरेवर हात ठेवून उभा.

"असलं नको," तो म्हणाला. "आबांना काय सांगू? त्यांची पोरगी लंगडली म्हणून जिंकलो?" मग माझ्याकडे वळला. "तू खेळ त्यांच्याकडनं. आपल्याकडं गोलमध्ये पोरगी आहे की."

दोन्ही टीमना चालत असेल तर रेफरीची हरकत नव्हती. रसायनवाल्यांनी मला त्यांचा निळा शर्ट दिला. इतक्या सहज देऊन टाकलं होतं ना मला कॅप्टननं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटच्या क्षणांत चेंडू कॅप्टनकडे आला. वाटेतल्या दोघांना चकवून तो निघाला. त्याच्या आणि गोलच्या मध्ये फक्त मी आणि त्यांचा गोलकीपर. जरा बाजूला सरकले असते तर कुणाला कळलंही नसतं. सरक, मी स्वतःला म्हणाले. आबा आठवले. पण तो सरळ माझ्यावर चालून येत होता, मी तिथे नाहीच अशा थाटात, आणि माझ्या पायानं माझं ऐकलं नाही. चेंडू बाहेर गेला, कॅप्टन गवतावर आडवा, आणि शिट्टी वाजली. शून्य-शून्य. रसायनवाले मला डोक्यावर घेऊन नाचत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

बूट काढून आम्ही सगळे गवतावर बसलो होतो. माझ्याकडे सगळ्यांची पाठ. फोन वाजला. आबांचा आवाज मलाही ऐकू आला, "जिंकलासा का?"

"नाही, आबा. बरोबरी झाली." कॅप्टननं नडगी चोळत माझ्याकडे पाहिलं. "आमची सगळ्यात चांगली डिफेंडर त्यांच्याकडनं खेळली."